तोयोतोमी हिदेयोशी : एका शिपायाच्या मुलाचे राज्य

‘सामुराई’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. कमरेला दोन तलवारी, मुखावर निर्विकार भाव, स्वामीनिष्ठेसाठी प्राण द्यायची तयारी आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले क्षात्रकुळ असे ते चित्र असते. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी ते इतके रूढ केले आहे, की जपानमधील योद्धावर्ग प्रारंभापासूनच असा बंदिस्त होता असे विद्यार्थी गृहीत धरतात. वस्तुस्थिती तशी नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानच्या अनेक प्रांतांत शेतकरी आणि योद्धा यांच्यातील सीमारेषा पुसट होती. पेरणीच्या दिवसांत नांगर धरणारा माणूस हंगाम संपताच भाला घेऊन एखाद्या सरदाराच्या सैन्यात दाखल होई, आणि गावातील सुस्थितीतील शेतकरी घरात तलवार, धनुष्य, पुढे पुढे तर बंदूकही बाळगून असे. ही सीमारेषा स्पष्टपणे आखण्याचे काम ज्याने केले, तो स्वतः मात्र तिच्या पलीकडून आलेला होता. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या घराण्याला आडनावसुद्धा नव्हते. प्रस्तुत घटकात आपण त्या तोयोतोमी हिदेयोशीचे चरित्र पाहणार आहोत.

ज्या कालखंडात हे घडले त्याला जपानी इतिहासात ‘सेनगोकू’, म्हणजे युद्धमग्न प्रांतांचा काळ, असे नाव आहे. १४६७ मध्ये क्योतोच्या परिसरात ओनिन युद्ध पेटले आणि तेव्हापासून शतकभराहून अधिक काळ देशात मध्यवर्ती सत्ता नावापुरतीच उरली. सम्राट क्योतोत होता, पण दरिद्री अवस्थेत होता. आशिकागा घराण्याचा शोगुनही होता, पण त्याची आज्ञा राजधानीबाहेर फारशी चालत नसे. खरी सत्ता प्रांतोप्रांतीच्या ‘दैम्यो’ म्हणविल्या जाणाऱ्या सरदारांच्या हाती होती. ते एकमेकांचे प्रदेश गिळत होते आणि त्यांचे स्वतःचे चाकरही संधी साधून त्यांना पदच्युत करीत होते. खालच्याने वरच्याला उलथून टाकणे, यासाठी त्या काळात ‘गेकोकुजो’ हा स्वतंत्र शब्दच रूढ झाला होता. हिदेयोशीचा उदय समजून घेताना हा शब्द सतत ध्यानात ठेवावा लागतो.

जन्म आणि चाकरी

हिदेयोशीचा जन्म १५३७ च्या सुमारास ओवारी प्रांतातील नाकामुरा या खेड्यात झाला. हे खेडे आज नागोया शहराचाच भाग आहे. त्याचे वडील यायेमोन हे ओदा घराण्याच्या पदरी ‘आशिगारू’, म्हणजे हलक्या दर्जाचे पायदळी शिपाई, होते आणि पुढे ते शेतीवर गुजराण करीत असे परंपरा सांगते. वडील लवकर वारले, आईने पुन्हा संसार थाटला आणि मुलगा कोवळ्या वयातच घराबाहेर पडला. त्याच्या बालपणाविषयी याहून अधिक विश्वसनीय माहिती जवळजवळ नाही. सूर्यदेवतेच्या कृपेने तो जन्माला आला, आईच्या स्वप्नात सूर्य तिच्या उदरात शिरला, अशा कथा पुढे प्रसृत झाल्या. त्यांच्या प्रसाराला खुद्द हिदेयोशीने सत्ताधीश झाल्यावर हातभार लावला. ज्याला पूर्वज नसतात त्याला दैवी जन्म शोधावा लागतो, हा अनुभव इतिहासात दुर्मीळ नाही.

प्रथम तो तोतोमी प्रांतातील मात्सुशिता युकित्सुना नावाच्या एका लहान सरदाराकडे चाकरीस राहिला. तेथून निघून १५५८ च्या आसपास तो आपल्याच प्रांतात परतला आणि तरुण दैम्यो ओदा नोबुनागा याच्या पदरी लागला. तेव्हा त्याचे नाव किनोशिता तोकिचिरो असे होते. थंडीच्या दिवसांत धन्याच्या चपला आपल्या छातीशी धरून त्याने ऊबदार केल्या, आणि या तत्परतेवर नोबुनागा प्रसन्न झाला, ही गोष्ट जपानमधील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती बऱ्याच नंतरच्या चरित्रग्रंथांतून आलेली आहे. समकालीन पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. सुनोमाता येथे शत्रूच्या नाकासमोर त्याने एका रात्रीत किल्ला उभारला, या कथेचीही तीच गत आहे. मात्र तिच्यामागचे एक निरीक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही. हिदेयोशीची कीर्ती तलवारबाजीवर उभी राहिलेली नाही. ती बांधकाम, रसद, मजुरांची जुळवाजुळव आणि बोलणी यांवर उभी आहे.

१५६१ मध्ये त्याने नेने हिच्याशी विवाह केला. हा विवाह उभयतांच्या पसंतीचा होता असे मानले जाते. नेनेला मूल झाले नाही, तरी अखेरपर्यंत तिचा घरातील आणि दरबारातील मान अबाधित राहिला. नोबुनागाने तिला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. पतीच्या बाहेरख्यालीपणाची तक्रार तिने धन्याकडे केली असावी, कारण या पत्रात नोबुनागाने तिच्या रूपाची प्रशंसा करून, अशी पत्नी त्या टकल्या उंदराला दुसरी मिळणार नाही, तेव्हा तिनेही मत्सर न करता गृहिणीच्या प्रतिष्ठेने वागावे, अशा आशयाचा सल्ला दिला आहे. क्रूरपणासाठी प्रसिद्ध असलेल्या सेनानीने आपल्या एका सरदाराच्या पत्नीची अशी समजूत काढावी, यातून त्या दोघांचे नोबुनागाशी असलेले नाते जसे उमगते, तसे ते युद्धांच्या वर्णनांतून उमगत नाही. हिदेयोशीला ‘माकड’ म्हणत असत हे सर्वश्रुत आहे. ‘उंदीर’ मात्र खुद्द नोबुनागाच्या पत्रातला आहे.

१५६० मध्ये ओकेहाझामा येथे नोबुनागाने इमागावा योशिमोतोच्या कितीतरी मोठ्या सैन्याचा पराभव केला आणि १५६८ मध्ये तो क्योतोत शिरला. या चढत्या काळात हिदेयोशीही एकेक पायरी वर चढत गेला. १५७० मध्ये कानेगासाकीहून माघार घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा पिछाडी सांभाळण्याचे जिवावरचे काम करणाऱ्यांत तो होता. १५७३ मध्ये आझाई घराणे नष्ट झाले आणि त्यांच्या मुलखापैकी उत्तर ओमीचे तीन परगणे हिदेयोशीस मिळाले. बिवा सरोवराच्या काठी नागाहामा येथे त्याने किल्ला बांधला. शिपायाचा मुलगा आता दैम्यो झाला होता. याच सुमारास त्याने ‘हाशिबा’ हे नवे आडनाव धारण केले. निवा आणि शिबाता या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन ते बनविले होते असे सांगितले जाते. तसे असेल तर मत्सर टाळण्याची ही युक्तीच म्हटली पाहिजे.

वेढे आणि अकरा दिवस

१५७७ पासून पश्चिमेकडील बलाढ्य मोरी घराण्याविरुद्धची मोहीम त्याच्याकडे आली. या मोहिमेतील त्याची पद्धत विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी. मिकी येथील किल्ल्याला वेढा घालून त्याने सुमारे दोन वर्षे अन्नधान्य तोडले. १५८० मध्ये किल्ला पडला. तोत्तोरीच्या वेढ्यात, १५८१ मध्ये, त्याने आसपासचे तांदूळ चढ्या भावाने आधीच विकत घेऊन ठेवले आणि मग कोंडी केली असे सांगतात; आतील लोकांनी गवत, जनावरे आणि अखेर प्रेतेही खाल्ल्याची वर्णने आहेत. १५८२ मध्ये ताकामात्सू येथे बांध घालून त्याने नदीचे पाणी किल्ल्याभोवती वळविले आणि किल्ल्याचे बेट करून टाकले. समोरासमोरच्या झुंजीत माणसे गमावण्यापेक्षा फावडे आणि धान्याचे कोठार यांनी युद्ध जिंकणे त्याला पसंत होते. हे तंत्र रक्तपात टाळणारे होते असे त्याचे प्रशंसक म्हणतात. तोत्तोरीतील उपासमारीने मेलेल्यांच्या दृष्टीने त्या प्रशंसेला काय अर्थ होता, हा प्रश्न वेगळा.

ताकामात्सूचा वेढा चालू असतानाच २१ जून १५८२ रोजी क्योतोतील होन्नो-जी मंदिरात मुक्कामास असलेल्या नोबुनागावर त्याचाच सेनानी आकेची मित्सुहिदे याने पहाटे हल्ला केला. नोबुनागा तेथेच मरण पावला; त्याचा ज्येष्ठ पुत्र नोबुतादाही त्याच दिवशी मारला गेला. ही वार्ता हिदेयोशीच्या छावणीत येऊन थडकली तेव्हा मोरींना तिचा पत्ता नव्हता. त्याने ती दाबून ठेवली आणि तातडीने तह केला. किल्लेदार शिमिझू मुनेहारू याने आपल्या लोकांच्या प्राणांच्या मोबदल्यात, भोवतालच्या पाण्यावर नाव नेऊन, दोन्ही सैन्यांच्या देखत सेप्पुकू केले, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरण पत्करले. तह होताच हिदेयोशीचे सैन्य क्योतोच्या रोखाने परत फिरले. जवळजवळ दोनशे किलोमीटरचे अंतर मागे टाकून २ जुलै रोजी यामाझाकी येथे त्याने मित्सुहिदेचा पराभव केला. नोबुनागाच्या मृत्यूनंतर हा अकरावा दिवस होता. इतर सेनानी दूरदूरच्या आघाड्यांवर अडकलेले असताना, धन्याचा सूड घेण्याचा मान त्याने पटकावला. त्या काळच्या राजकारणात या मानाचे मूल्य एखाद्या प्रांताहून अधिक होते.

पुढील घटना वेगाने घडल्या. कियोसू येथील बैठकीत नोबुतादाच्या अगदी लहान मुलाला वारस ठरविण्यात आले आणि अर्थातच सत्ता त्या मुलाच्या नावाने इतरांनी चालवायची होती. १५८३ मध्ये शिझुगाताके येथे हिदेयोशीने आपला जुना वरिष्ठ शिबाता कात्सुइए यास हरविले. कात्सुइएने आपल्या किल्ल्यात आत्मनाश करून घेतला आणि त्याच्यासमवेत त्याची पत्नी ओइची, नोबुनागाची बहीण, हिनेही मरण पत्करले. तिच्या तीन मुली मात्र बाहेर पाठविण्यात आल्या. त्यांपैकी थोरली चाचा पुढे हिदेयोशीची उपपत्नी झाली. इतिहास तिला योदो-दोनो या नावाने ओळखतो. तिच्या पित्याच्या आणि मातेच्या अशा दोघांच्याही अंतास हिदेयोशीची शस्त्रे कारणीभूत झाली होती.

१५८४ मध्ये तोकुगावा इएयासूशी कोमाकी आणि नागाकुते येथे गाठ पडली. रणांगणावर हिदेयोशीला यश आले नाही. मग त्याने दुसरी साधने वापरली. आपल्या विवाहित बहिणीचा, आसाहीचा, काडीमोड करवून तिला इएयासूस दिले. तेवढ्यानेही तो भेटीस येईना, तेव्हा १५८६ मध्ये आपल्या वृद्ध आईला ओलीस म्हणून त्याच्या मुलखात पाठविले. तेव्हा कोठे इएयासू ओसाकास येऊन नमला. स्वतःच्या मातेला गहाण टाकून मिळविलेल्या या निष्ठेचे पुढे काय झाले, ते आपण पाहूच.

कुळ, पदवी आणि सोन्याची खोली

सत्ता हाती आली, पण पदवी कोणती घ्यावी हा पेच होता. शोगुनपदाची परंपरा मिनामोतो वंशाशी जोडलेली होती आणि हिदेयोशीजवळ दाखविण्याजोगे कुळच नव्हते. त्याने दुसरा मार्ग धरला. कोनोए साकिहिसा या श्रेष्ठ दरबारी सरदाराचा दत्तकपुत्र होऊन १५८५ मध्ये तो ‘कांपाकू’, म्हणजे सम्राटाचा मुख्य प्रतिनिधी, झाला. हे पद शतकानुशतके फुजिवारा वंशाच्या पाच घराण्यांबाहेर गेले नव्हते. पुढच्याच वर्षी सम्राटाने त्यास ‘तोयोतोमी’ हे नवे कुलनाम दिले. तोपर्यंत त्याची किनोशिता, हाशिबा, फुजिवारा अशी नावे होऊन गेली होती. कुळ नसलेल्या माणसाने शेवटी कुळ नव्याने निर्माण करवून घेतले.

या पदव्यांबरोबर वैभवाचे प्रदर्शनही आले. १५८३ मध्ये ओसाकाच्या प्रचंड किल्ल्याचे काम सुरू झाले होते. क्योतोत जुराकुदाई हा महाल उभा राहिला आणि १५८८ मध्ये सम्राट गो-योझेई तेथे पाहुणा म्हणून आला. त्या प्रसंगी दैम्योंकडून सम्राटाच्या साक्षीने निष्ठेच्या शपथा लिहून घेण्यात आल्या. हिदेयोशीने भिंतींपासून भांड्यांपर्यंत सोन्याने मढविलेली, सुटी करून कोठेही नेता येईल अशी चहाची खोली बनवून घेतली होती. १५८७ मध्ये कितानो येथे त्याने जो चहासमारंभ भरविला, त्यात शेतकऱ्यांसह कोणीही आपली भांडी घेऊन यावे असे जाहीर केले होते. नो नाट्याचे त्याला विलक्षण वेड होते. स्वतःच्या पराक्रमावर नाटके लिहवून घेऊन त्यांत तो स्वतःचीच भूमिका करी, आणि १५९३ मध्ये तर सम्राटाच्या प्रासादातही तो रंगमंचावर उतरला. याच माणसाने आईला, नेनेला आणि मुलाला लिहिलेली घरगुती पत्रे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. ती विद्वानांच्या चिनी लिपीऐवजी प्रामुख्याने साध्या काना अक्षरांत लिहिलेली असून प्रकृतीची चौकशी, मुलाची आठवण, थकव्याची कबुली अशा मजकुरांनी भरलेली आहेत. सोन्याच्या खोलीपेक्षा ही पत्रे अधिक बोलकी वाटतात.

चहाच्या कलेतील त्याचा मार्गदर्शक सेन नो रिक्यू हा साकाई नगरीतील व्यापारी कुळातला. साधेपणा, ओबडधोबड मातीचे वाडगे, दोन चटयांची कुटी ही त्याची अभिरुची. १५९१ मध्ये हिदेयोशीने त्याला सेप्पुकूची आज्ञा केली. दाइतोकु-जी मंदिराच्या दरवाजावरील मजल्यात रिक्यूचा पुतळा बसविला होता आणि त्याखालून जाणे हा सत्ताधीशाचा अवमान होता, हे कारण पुढे करण्यात आले. खऱ्या कारणांविषयी संशोधकांत आजही एकमत नाही.

मोजणी, तलवारी आणि बंद झालेली वाट

आता आपण या घटकाच्या गाभ्याकडे येतो. १५८५ मध्ये शिकोकू, १५८७ मध्ये क्यूशू आणि १५९० मध्ये ओदावाराच्या होजो घराण्याचा मुलूख जिंकून हिदेयोशीने देश एकछत्री केला. त्याच्या लढाया कालांतराने पुसल्या गेल्या. टिकले ते त्याने जमिनीचे आणि माणसांचे जे वर्गीकरण केले ते.

१५८२ पासून मृत्यूपर्यंत त्याने प्रांतामागून प्रांताची जमीनमोजणी करविली. पूर्वी सरदार आपल्या उत्पन्नाचे आकडे स्वतःच सांगत आणि मापे गावोगाव निराळी असत. आता मोजणीची काठी एकाच लांबीची ठरली, क्षेत्राचे एकक असलेल्या एका ‘तान’मध्ये ३६० ऐवजी ३०० चौरस धरावयाचे ठरले आणि धान्य मोजण्याचे क्योतोचे माप सर्वत्र लागू झाले. शेतांची प्रतवारी करून प्रत्येकाचे अपेक्षित पीक ‘कोकू’मध्ये नोंदविण्यात आले. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लीटर तांदूळ. एका माणसाच्या वर्षभराच्या उदरनिर्वाहाइतके हे प्रमाण मानीत. १५९८ पर्यंत देशाचे एकूण उत्पन्न सुमारे १ कोटी ८५ लाख कोकू भरले. दैम्योंचा दर्जा, त्याने पुरवावयाचे सैन्य आणि गावाने भरावयाचा सारा हे सर्व आता या एकाच आकड्यावर ठरू लागले. दैम्योला एका प्रांतातून उचलून दुसऱ्या प्रांतात ठेवणेही त्यामुळे शक्य झाले. इएयासूस १५९० मध्ये असेच त्याच्या वडिलोपार्जित भूमीतून हलवून पूर्वेकडील कांतो प्रदेशात पाठविले गेले आणि त्याने एदो या ठिकाणी, म्हणजे आजच्या टोकियोत, आपले ठाणे केले.

मोजणीवहीत प्रत्येक शेतासमोर कसणाऱ्याचे नाव लिहिले जाई. यामुळे रयतेचा जमिनीवरील हक्क मान्य झाला असे म्हणता येते, आणि रयत जमिनीला बांधली गेली असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. विरोधाची शिक्षा काय होती, हे उत्तरेकडील मोजणीच्या वेळी १५९० मध्ये त्याने धाडलेल्या आज्ञेवरून कळते. सरदार अडवतील तर त्यांना किल्ल्यात कोंडून सर्वांना ठार करावे आणि शेतकरी अडवतील तर एक-दोन गावेच्या गावे कापून काढावीत, पीक पडीक राहिले तरी चालेल, असा तिचा आशय होता. हे शेतकऱ्याच्या मुलाचे उद्गार आहेत.

१५८८ मध्ये शस्त्रजप्तीचे फर्मान निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी क्यूशूतील हिगो प्रांतात मोजणीच्या घाईमुळे मोठा उठाव झाला होता, आणि कागा प्रांतात तर बौद्ध पंथाच्या अनुयायांनी शेतकऱ्यांसह जवळजवळ शंभर वर्षे स्वतःचा कारभार चालविला होता. खेड्यातील शस्त्रांचा अर्थ हिदेयोशीला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. फर्मानाने शेतकऱ्यांना तलवारी, धनुष्ये, भाले आणि बंदुका बाळगण्यास मनाई केली. जप्त धातू वाया जाणार नाही, क्योतोत उभ्या राहणाऱ्या होको-जी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीसाठी त्याचे खिळे आणि बिजागऱ्या होतील, म्हणजे देणाऱ्यांचे इहलोकी आणि परलोकीही कल्याण होईल, अशी पुस्ती जोडलेली होती. प्रत्यक्षात सर्व शस्त्रे गोळा झाली नाहीत. रानटी जनावरांसाठी म्हणून खेड्यांत बंदुका राहिल्याच. मात्र शस्त्र धारण करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निकालात निघाला. कमरेच्या दोन तलवारी ही एका वर्गाची खूण बनण्याची सुरुवात येथे आहे.

तिसरे पाऊल १५९१ चे. सैन्यातील चाकरांनी शेतकरी वा नगरवासी होऊ नये, शेतकऱ्यांनी शेते सोडून व्यापारास वा मोलमजुरीस जाऊ नये, धन्याची अनुमती न घेता निघालेल्या चाकरास दुसऱ्याने ठेवून घेऊ नये, आणि असे आढळल्यास सबंध गाव दोषी धरले जाईल, असे या आज्ञेने ठरविले. तिचा तात्कालिक हेतू परदेशी मोहिमेसाठी माणसे आणि धान्य यांची निश्चिती करण्याचा होता असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे. पण तात्कालिक आज्ञा कधी कधी कायमच्या होतात. ही आज्ञा किनोशिता तोकिचिरोच्या तरुणपणी अमलात असती, तर नाकामुरा सोडल्याबद्दल तो स्वतः आणि त्याला ठेवून घेणारा मात्सुशिता, दोघेही दंडास पात्र ठरले असते.

गोवा, वसई आणि नागासाकी

क्यूशू जिंकल्यावर तेथील काही दैम्यो ख्रिस्ती झाले असून नागासाकी बंदर जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात आहे, हे हिदेयोशीच्या ध्यानात आले. १५८७ मध्ये त्याने पाद्र्यांना देश सोडण्याची आज्ञा दिली. व्यापार मात्र त्याला हवा होता, म्हणून अंमलबजावणी सैल राहिली. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा जेझुइट अधिकारी १५९१ मध्ये जुराकुदाई महालात त्याच्यासमोर आला, तो पाद्री म्हणून नव्हे तर गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वकील म्हणून. १५८८ मध्ये गोव्यात लिहिले गेलेले ते सुशोभित पत्र आजही क्योतोत जपून ठेवलेले आहे. हिदेयोशीने उत्तरात जपान ही देवांची भूमी असल्याचे बजावले, चीन जिंकण्याचा मानस कळविला आणि मैत्रीचा व्यापार चालू ठेवण्याची इच्छा व्यक्त केली.

याच कथेत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा एक माणूस येतो. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईस झाला. ते तरुणपणी जेझुइटांसमवेत जपानला गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ व्यापार केला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाले. १५९३ मध्ये मनिलाहून आलेल्या पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळात ते दुभाषी होते आणि हिदेयोशीसमोर बोलण्याचे काम त्यांच्याकडे आले. तीन वर्षांनी सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातील माल जप्त झाला आणि त्यानंतर उसळलेल्या संशयात हिदेयोशीने सव्वीस ख्रिस्ती लोकांना देहदंड फर्मावला. क्योतोहून त्यांना हिवाळ्यात पायी नागासाकीस नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसांवर चढविण्यात आले. गोन्सालो गार्सिया त्यांत होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. वसईत त्यांच्या नावाचे चर्च आणि महाविद्यालय आहे.

अखेरची वर्षे

१५९१ हे वर्ष हिदेयोशीच्या खाजगी आयुष्यातही निर्णायक ठरले. त्याला आवर घालू शकणारा समंजस भाऊ हिदेनागा वारला आणि योदो-दोनोपासून झालेला एकुलता मुलगा त्सुरुमात्सू बालवयातच गेला. वारस म्हणून त्याने भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, हिदेत्सुगू यास दत्तक घेऊन कांपाकूपद दिले आणि स्वतः ‘ताइको’, म्हणजे निवृत्त कांपाकू, ही उपाधी धारण केली. मग १५९३ मध्ये योदो-दोनोस पुन्हा मुलगा झाला. हिदेयोरीच्या जन्मानंतर हिदेत्सुगू नकोसा झाला. १५९५ मध्ये बंडाच्या आरोपाखाली त्याला कोया पर्वतावर पाठवून सेप्पुकू करावयास लावले आणि त्याची मुले, पत्नी आणि उपपत्नी मिळून तीसहून अधिक जणांची क्योतोत नदीकाठी एकाच दिवशी जाहीर कत्तल झाली. त्यांत मोगामी घराण्याची एक किशोरवयीन कन्याही होती. ती नुकतीच राजधानीत आलेली होती. या कृत्याचे समर्थन कोणत्याही राजनीतीने होऊ शकत नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते आत्मघातकी होते, कारण तोयोतोमी घराण्यातील एकमेव प्रौढ वारस त्याने नाहीसा केला.

परदेशी मोहिमेने याहून कितीतरी अधिक बळी घेतले. चीन जिंकण्यासाठी मार्ग म्हणून १५९२ मध्ये सुमारे १ लाख ५८ हजारांचे सैन्य कोरियात उतरले. तीन आठवड्यांच्या आत सोल पडले. पण कोरियन आरमाराचा सेनापती यी सुन-सिन याने समुद्रमार्ग कापला, गावोगावच्या दलांनी प्रतिकार केला आणि मिंग सम्राटाचे सैन्य मदतीस आले. वाटाघाटी फसल्यावर १५९७ मध्ये दुसरी स्वारी झाली. पराक्रमाचा पुरावा म्हणून शत्रूची मस्तके आणण्याऐवजी नाके कापून, खारवून, मोजून पाठविली जात, आणि त्यांत सैनिकांबरोबर सामान्य स्त्रीपुरुषही होते. क्योतोत त्यांच्यावर उभारलेला मातीचा ढिगारा आजही आहे; त्याला ‘कानांची टेकडी’ म्हणतात. हिदेयोशी स्वतः कोरियात कधीच गेला नाही. पकडून आणलेल्या कोरियन कुंभारांनी क्यूशूत जी चिनीमातीची भांडी घडविण्यास आरंभ केला, ती पुढे आरिताची म्हणून युरोपात विकली गेली.

१८ सप्टेंबर १५९८ रोजी फुशिमीच्या किल्ल्यात तो मरण पावला. शेवटच्या महिन्यांत तो इएयासूसह पाच प्रमुख दैम्योंकडून पाच वर्षांच्या हिदेयोरीशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा पुनःपुन्हा लिहून घेत होता. शपथांचे मोल काय असते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार! नोबुनागाच्या नातवाच्या बाबतीत तो स्वतःच त्या जागी होता. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून इएयासू सर्वसत्ताधीश झाला, १६०३ मध्ये शोगुन झाला आणि १६१५ मध्ये त्याने ओसाकाचा किल्ला पाडला. हिदेयोरी आणि योदो-दोनो यांनी तेथेच आत्मनाश केला. हिदेयोरीच्या आठ वर्षांच्या मुलाचा शिरच्छेद झाला. हिदेयोशीच्या पूजेसाठी उभारलेले देवालय तोकुगावांनी बंद केले. त्याची मोजणीची पद्धत, शस्त्रांविषयीचा दंडक आणि वर्गांची विभागणी मात्र त्यांनी तशीच पुढे चालविली, आणि ती अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालली.

नेने या सर्वांतून वाचली. पतीच्या स्मरणार्थ तिने क्योतोत कोदाई-जी हे मंदिर उभारले आणि तेथे भिक्षुणी म्हणून राहून १६२४ मध्ये ती निवर्तली. शेतकऱ्यांच्या तलवारींचे खिळे ज्या महाबुद्धासाठी वापरावयाचे होते, ती मूर्ती १५९६ च्या भूकंपातच, हिदेयोशीच्या हयातीत, भंगली होती. त्या मंदिराची हिदेयोरीने १६१४ मध्ये ओतविलेली घंटा मात्र अजून जागेवर आहे. तिच्यावरील लेखात आपल्या नावाची दोन अक्षरे तोडून लिहिली आहेत, असा आक्षेप घेऊनच इएयासूने ओसाकावरील युद्धाचे निमित्त शोधले होते. पाहुण्यांना नेमकी ती अक्षरे दिसावीत म्हणून आज त्यांच्याभोवती पांढरी रेघ काढून ठेवली आहे.